अकरा नंबर

इंजिन म्हणजे ते. पण बापूय म्हणायचा, ती.
कुळ्याच्या शेडमध्ये कोपऱ्यातली.
नाव नव्हतं. अकरा नंबर.
पितळी पाटीवर जिथे घडली ते गाव: लीड्स.
बापूय वाचायचा ‘लिडूस’,
आणि मला बरीच वर्षं वाटत होतं
पेडण्याच्या पलीकडे असेल कुठेतरी.

घाट चढणारी इंजिनं वेगळी.
आपला कोळसा, आपलं पाणी
मागच्या गाड्यात घालून ओढणारी,
लग्नाला निघालेल्या मोठ्या घरासारखी.
हिचं पाणी हिच्याच अंगावर, दोन्ही कुशींना टाक्या.
विहिरीवरून येणारी बाई जशी
एक कळशी या कमरेला, एक त्या,
आणि आतलं हिंदकळणं
फक्त तिलाच ऐकू येतं.

कोळसा पाठीशी, सुपात मावेल इतका.
म्हणून लांब जाणं नाही.
कुळे, काले, सावर्डे. फार तर चांदर.
वॅगन ढकल, वॅगन ओढ,
मिठाची पोती, कौलं, खाणीची लाल माती,
सकाळी गँगवाल्यांच्या खोपींना प्यायचं पाणी.
फिरवायला चक्र लागत नसे तिला.
देवळातून म्हातारे जसे
देवाला पाठ न दाखवता उंबऱ्यापर्यंत येतात
तशी सावर्ड्याहून यायची, मागे मागे,
रुझारमाम मान वळवून रूळ बघत
आणि माझा बापूय फावड्यावर.

मग वरची सरहद्द बंद झाली.
घाटातली गाडी थांबली.
आगबोटीचा कोळसा मुरगावातच संपायचा,
आमच्यापर्यंत यायचा तो भुगा.
रुझारमाम काजूची लाकडं घालायचा, करवंट्या घालायचा.
करवंटी भडकते, बापूय म्हणायचा, पण टिकत नाही,
सासुरवाडीच्या प्रेमासारखी.
इंजिनाला चुलीचा वास यायला लागला.
कुत्री रुळाकडेने धावायची, मासळी भाजताहेत समजून.

एकदा काल्याच्या अलीकडे, छोट्याशा चढावर,
काटा उतरत उतरत गेला
आणि ती उभी राहिली.
मागे अकरा वॅगन. शिट्टीपुरतीही वाफ नाही.
बापूय पोतं घेऊन वाड्यावर गेला.
काय मागितलं, कसं मागितलं, कधी सांगितलं नाही.
करवंट्या मिळाल्या. मोडकी खाट. बैलगाडीचं आरं.
एका म्हातारीनं पाट दिला,
लग्नात बसले होते त्यावर, म्हणाली,
आता बसणारा नाही.
पाट पेटायला वेळ लागला.
शिसवी होता.

परतीच्या वेळी रुझारमामनं तिथेच गाडी थांबवली,
कुणाला न विचारता.
इंजिनाच्या नळीतून कढत पाणी सोडलं,
घागर, तपेलं, डालड्याचा डबा,
जे आणतील त्यात.
पाण्याला तेलाचा वास होता.
तरी त्या रात्री वाडा न्हाला.
शेफनं दोघांचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला.

पुढे डिझेल आलं.
ती भंगारात गेली तेव्हा काट्यावर कारकून मीच होतो.
वजन लिहिलं. शून्य एक जास्त पडलं,
खोडलं, सही केली.
बापूयला सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही.
आठवडाभर तो शेडच्या वाटेनं गेला नाही, एवढंच.

परवा नेत्रावळीला सुपारी बघायला गेलो.
कुळागराच्या वरच्या टोकाला
झऱ्याच्या पन्हळीखाली लोखंडाची लांबट टाकी,
रिव्हेटांच्या दोन ओळी, एका कोपऱ्याला पोचा.
तो पोचा मला माहीत होता.
मालक म्हणाला, जुनी आहे, आजोबांनी वजनावर घेतली,
गळत नाही.

मी बोटाच्या पेरानं ठोकलं,
खालून वर, बापूय ठोकायचा तसं.
भरीव, भरीव, भरीव,
मग पोकळ.
पाऊण हात पाणी.
एवढ्यात सावर्डे गाठता येईल.
परत यायला पुरणार नाही.